माझ्या सरावाचा तास कुणाचा?

(महिला कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातील भाषण)



आरोग्याच्या सत्रात मी ट्रायथलॉनवर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. हसा, पण ऐका. आधी पोहायचं, लगेच सायकल, लगेच धावणं. 'स्प्रिंट' प्रकारात ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं असतं. येत्या हंगामात मला ते पुरं करायचं आहे. वय सदतीस, गुडघे कुरकुरतात.

२००० साली सिडनीला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो बायका आणि पुरुष दोघांसाठी एकदम, आणि अंतरही सारखंच. ऑलिंपिकच्या मॅरेथॉनसाठी मात्र बायकांना १९८४ पर्यंत थांबावं लागलं होतं. म्हणजे शर्यतीच्या दिवशी बरोबरी आहे. पण तयारी सबंध हिवाळ्याची असते. तिथे आहे का बरोबरी?

हिवाळ्यात वेग वाढवायचा नसतो, पाया घालायचा असतो. धावताना शेजारणीशी बोलता येईल इतकं सावकाश धावायचं, अंतर थोडं थोडं वाढवायचं. पोहताना हात, पाय आणि श्वास यांचा मेळ बसवायचा. स्नायूंचे व्यायाम करायचे आणि पुरेसं झोपायचं. म्हणजे यासाठी तास लागतात. सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यासाठीची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं निघाली, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८.

वस्तीतल्या शिबिरांत मी बारा वर्षं बायकांकडून '२४ तासांचं घड्याळ' काढून घेते. या हिवाळ्यात पहिल्यांदा स्वतःचं काढलं. साडेपाच ते सात सराव. मग त्या वेळात पोळ्या, डबे कोण करतं? घरकामाच्या मावशी. त्यांना मी साडेसातऐवजी सहाला बोलावलं होतं. त्या काही बोलल्या नव्हत्या. आता विचारलं तर म्हणाल्या, "साडेचारला उठते ताई. थंडीत आधी घरचं आवरून निघायचं म्हणजे..."

माझा सराव त्यांच्या झोपेतून आला होता. आणि मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, घरकामाच्या वाटणीवर शिबिरं घेणारी!

त्या रात्री नवऱ्याशी बोलले. भांडण झालं, खोटं कशाला सांगू? "शर्यत तुझी, मी का उठू?" असं तो म्हणाला. आठवडाभर अबोला होता. आता आठवड्यातले चार दिवस डबे तो करतो. पोळ्या जाड होतात, मुलगी कुरकुरत खाते. मावशी पुन्हा साडेसातला येतात, पगार तोच.

सगळं घरात सुटत नाही. आमच्या तलावावर बायकांची वेळ दुपारी तीन ते चार. नोकरी करणारीने कधी जायचं? पहाटे रस्त्यावरचे दिवे बंद असतात. आम्ही चौघी मिळून धावतो, एक आली नाही की उरलेल्यांच्या घरचे विचारतात, "आज राहू दे ना?" तलावाची सकाळची वेळ आणि दिवे यांसाठी सह्यांचं निवेदन दिलं आहे. उत्तर आलेलं नाही, पुन्हा जाणार आहोत.

शर्यत पुरी होईल की नाही, बघू. तुम्हाला धावायचं नसेल तर गाणं शिका, नुसत्या झोपा. पण आज घरी गेल्यावर आपलं घड्याळ काढा. स्वतःसाठी जो तास धराल, त्याच्यापुढे तो कुणाच्या दिवसातून आला हेही लिहा. तिथे दुसऱ्या बाईचं नाव आलं, तर घरात बोलायला बसा.