ज्वाळा विझते, धुराचं काय?



13 जून 1997 ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 59 माणसं दगावली. आग लागली होती तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला, पण वर बाल्कनीत बसलेल्यांचे जीव घेतले ते धुरानं. आग म्हटली की आपल्याला ज्वाळा दिसतात. माणूस मात्र बऱ्याचदा ज्वाळा पोचण्याआधीच पडलेला असतो. म्हणून भोवतालचं प्लॅस्टिक पेटू नये एवढं पाहून भागत नाही. पेटलंच, तर ते काय ओकतं, हेही पाहावं लागतं.

प्लॅस्टिकला आगीपासून आवरायचा जुना उपाय म्हणजे क्लोरीन किंवा ब्रोमीन, म्हणजे हॅलोजन. ज्वाळेत जी रासायनिक साखळी चालते ती हे तोडतात. काम चोख, यात वाद नाही. पण विजेच्या तारांवरच्या पीव्हीसीचंच घ्या. मूळ पीव्हीसीत वजनानं निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि ओलावा भेटला की त्याचं आम्ल होतं. हा ओलावा आपल्याच डोळ्यांत, घशात, फुप्फुसांत असतो. काही ब्रोमीनयुक्त द्रव्यं तर आग न लागताही वस्तूंतून झिरपून प्राण्यांच्या चरबीत साठतात. त्यांतली काही 2009 मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदी यादीत गेली.

मग हॅलोजनशिवाय काय? सर्वांत साधं द्रव्य आहे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. पांढरी भुकटी. साधारण 200 अंशांच्या पुढे ती फुटते आणि वजनाच्या जवळजवळ 35 टक्के पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. उष्णता त्यातच खर्ची पडते. अडचण अशी, की तारेच्या वेष्टणात ही भुकटी 60 टक्क्यांच्या आसपास घालावी लागते आणि मग वेष्टण ताठर होतं. शिवाय नायलॉनसारखं प्लॅस्टिक 250 अंशांच्या वर वितळवून साच्यात घालतात. तिथे ही भुकटी कारखान्यातच पाणी सोडून मोकळी होईल! तिथे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड चालतं, ते 300 अंशांपर्यंत दम धरतं.

खरी गंमत मिसळण्यात आहे. जिथे प्लॅस्टिकला मानवेल तिथे ही दोन्ही एकत्र घातली, तर एकाचं पाणी संपत आलं की दुसऱ्याचं सुरू होतं. त्यात थोडं झिंक बोरेट टाकलं, तर उरलेली राख घट्ट धरून राहते आणि विझल्यावर धुमसणं कमी होतं. दुसरं एक त्रिकूट पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकसाठी वापरतात: अमोनियम पॉलिफॉस्फेट आम्ल देतं, पेंटाएरिथ्रिटॉल कोळसा पुरवतं, मेलामाइन वायू सोडतं. तिघांनी मिळून निखाऱ्यावरच्या पापडासारखा काळा फुगीर थर उठतो. त्याच्याखाली उष्णता आणि प्राणवायू पोचायला वेळ लागतो. यातलं एकटं द्रव्य फारसं कामाचं नाही.

पण कशातही काहीही घालून चालत नाही, हे आवर्जून सांगतो. याच त्रिकुटात स्वस्त भरताड म्हणून चुनखडीची भुकटी टाकली, तर ती आम्ल खाऊन टाकते आणि थर नीट फुगत नाही. चार पैसे वाचतात, संरक्षण जातं.

मिश्रणाची कल्पना तशी जुनीच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी 1821 मध्येच अमोनियमचे क्षार आणि टाकणखार यांचं मिश्रण कापडावर वापरून ते पेटेनासं केलं होतं.

आता तुमच्यापुरतं. दुकानात तारेच्या वेटोळ्यावर एफआर, एफआरएलएस, एचएफएफआर अशी अक्षरं असतात. पहिल्या दोन बहुधा पीव्हीसीच्याच; दुसरीत धूर कमी, एवढंच. हॅलोजन नसलेली ती तिसरी. ती महाग पडते. सगळ्या घरात नाही जमलं, तरी इमारतीचा जिना, लिफ्टची मोकळी जागा आणि मीटरची खोली इथे तीच घाला, असा आग्रह सोसायटीच्या पुढच्या सभेत जरूर धरा.