मूळपेशी प्रत्यारोपण आणि तोंडातले फोड

मूळपेशी प्रत्यारोपणात तोंडाला फोड येतात.
ते नव्या पेशींमुळे नव्हे, तर त्याआधी दिलेल्या तीव्र केमोथेरपीमुळे.

श्रोतेहो, तोंडाच्या आतलं अस्तर सतत नवं होत असतं.
त्याच्या पेशी भराभर वाढतात.
केमोथेरपी अशाच वाढत्या पेशींना मारते.
कर्करोगाच्या पेशी मरतात, आणि हे अस्तरही सोलवटतं.

केमोथेरपीनंतर साधारण आठवड्याभरात तोंड लाल होतं, मग फोड येतात.
पाण्याचा घोटही नकोसा होतो.

मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात मेल्फलान हे औषध शिरेतून देतात.
ते चालू असताना रुग्णाला बर्फाचे तुकडे चघळायला देतात.
गारव्यानं तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात.
औषध तिथे कमी पोहोचतं.
इतका साधा उपाय, पण खरोखर गुणकारी.

फोड आल्यावर ब्रश अगदी मऊ हवा.
मीठ किंवा खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं हलक्या चुळा भराव्यात.
अल्कोहोल असलेलं माउथवॉश टाळावं.
तिखट, आंबट, कडक काही नको. कोमट पेज, गुरगुट्या भात चालतो.

दुखणं मुकाट सोसू नये.
गरज पडल्यास डॉक्टर मॉर्फिनही देतात.
ताप, रक्तस्राव किंवा पांढरे चट्टे दिसले, तर लगेच सांगावं.
त्या काळात प्रतिकारशक्ती फार कमी असते, आणि फोडांतून जंतू रक्तात शिरू शकतात.

पुन्हा सांगायचं तर, हे फोड केमोथेरपीचे असतात.
रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढू लागल्या, की ते बहुधा दोन-तीन आठवड्यांत भरून येतात.

दात्याच्या पेशी घेतलेल्यांना काही महिन्यांनी पुन्हा फोड आले, तर कारण वेगळं असू शकतं.
तेव्हा दात्याच्या पेशी शरीरावर हल्ला करत असतात.
त्यावर उपचारही वेगळे असतात.