खोली आपली, जीव भाडेकरूचा



आपलं कनेरगाव नाका हिंगोली-वाशिम रस्त्यावरचं गाव. दोन पैसे हाती यावेत म्हणून आपल्यापैकी काही जणींनी एखादी खोली किंवा गाळा भाड्यानं दिला आहे. कुणी गटाच्या कर्जातून पत्रे टाकले, कुणी सासऱ्यांच्या जुन्या घराची डागडुजी केली. भाडं आपण वेळेवर मागतो. पण दिलेली खोली राहण्याजोगी आहे का, हे किती जणी बघतो? मीसुद्धा बघत नव्हते.

माझ्या पत्र्याच्या खोलीत एक कुटुंब राहायचं. उन्हाळ्यात त्यांनी कूलर लावला. त्यांची सून मला म्हणाली, "काकू, कूलरला हात लागला की झिणझिण्या येतात." मी म्हटलं, "चप्पल घालून हात लावत जा." चार दिवसांनी त्यांची सात वर्षांची मुलगी ओल्या पायानं गेली आणि कूलरला चिकटली. आजीनं धावत जाऊन मेन स्विच बंद केला म्हणून पोर वाचली. वायरमननं खोलून बघितलं, तर खोलीला अर्थिंगच नव्हतं. सॉकेट तीन पिनांचं होतं, पण तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नव्हती. कूलर त्यांचा होता, वायरिंग माझं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून पहिलं काम विजेचं. लायसन असलेल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. बोर्डात आरसीसीबी बसवून घ्या, घरात 30 मिलिअँपिअरची चालते. करंट गळू लागला की ती क्षणात वीज तोडते. "आमच्याकडं एमसीबी आहे" असं म्हणून थांबू नका. एमसीबी जास्त लोड झाला किंवा शॉर्टसर्किट झालं की पडते. माणसाला बसणारा झटका तिला कळेलच असं नाही. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघा. आणि कपडे वाळत घालायला पत्र्याला लोखंडी तार बांधू नका, प्लास्टिकची दोरी बांधा. पत्र्यात करंट उतरला तर तो तारेत येतो, आणि ओले कपडे टाकणारा हात बहुतेक वेळा बाईचाच असतो.

दुसरं काम भिंतीचं. 21 मार्च 2024 च्या सकाळी आपल्या जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला. 10 जुलैला पुन्हा तेवढाच धक्का बसला. भिंतीला भेग पडली असेल तर वरून गिलावा मारून, रंग देऊन खोली भाड्यानं देऊ नका. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा 1882 सालचा आहे. त्यात म्हटलंय की, मालकाला माहीत असलेला आणि भाडेकरूला साधं बघून कळणार नाही असा मोठा दोष मालकानं सांगितलाच पाहिजे. भेग लपवणं ही नुसती लबाडी नाही, कायद्यानंही ती चूक आहे.

तिसरं काम कागदाचं. "आपलीच माणसं, कशाला लिहायचं?" असं आपण म्हणतो. पण छत गळालं तर खर्च कुणाचा, यावरूनच भांडण लागतं. भाडं, डिपॉझिट, लाइटबिल, दुरुस्ती आणि खोली सोडायची मुदत हे सगळं करारात लिहा. पैसे घेतले की पावती द्या.

आता दुसऱ्या बाजूनं बघू. आपली मुलं शिकायला शहरात खोली घेऊन राहतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 ज्या शहरांना लागू आहे तिथं करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. वेगळं ठरलेलं नसेल तर दुरुस्तीही त्याचीच. तो करत नसेल तर भाडेकरूनं निदान 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी. तरीही त्यानं वाजवी वेळेत केलं नाही, तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापता येतो. मात्र तो वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको. महिना 2,000 भाडं असेल तर वर्षाचे 24,000 होतात, म्हणजे 6,000 पर्यंत. भाडेकरूला हुसकावण्यासाठी मालकाला पाणी किंवा लाइट तोडता येत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या लेकीच्या खोलीत जे असावं असं आपल्याला वाटतं, तेच आपल्या खोलीत दुसऱ्याच्या लेकीला मिळायला हवं. गटाच्या पुढच्या बैठकीत खोली भाड्यानं देणाऱ्या जणींची यादी करा. सगळ्यांनी मिळून एकच वायरमन बोलवा, खर्च कमी येईल. तो कमी पडला तर गटातून छोटं कर्ज घ्या.

आणि भाडेकरू झिणझिण्या येतात म्हणाला, तर चप्पल घाल म्हणू नका. आधी मेन स्विच बंद करा.