नाक मुरडण्याआधी



गेल्या वर्षी बंगळुरूला आमच्या सोसायटीच्या सभेत एक लेखी तक्रार आली. तिसऱ्या मजल्यावर मिझोरमच्या दोन मुली भाड्याने राहतात, नोकरी करतात. त्यांच्या स्वयंपाकघरातून घाण वास येतो, फ्लॅट रिकामा करून घ्या, असं त्यात लिहिलं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. निवृत्त फौजी आहे, हा आता हुकूम सोडणार, असं लोकांना वाटतं.

पण तो वास माझ्या ओळखीचा होता. आणि त्या वासापुढे मी एकदा सपशेल नापास झालो होतो.

तो वास सा-उमचा. मिझो भाषेत ‘सा’ म्हणजे मांस. सा-उम म्हणजे डुकराची आंबवलेली चरबी. डुक्कर कापलं की मांसाच्या पट्ट्या चुलीवरच्या फळीवर धुरात सुकवतात. चरबीचे बारीक तुकडे करून थोडे शिजवतात, निथळतात आणि वाळलेल्या दुधी भोपळ्याच्या तुंब्यात भरतात. तुंबा चुलीजवळ उबेला ठेवला की काही दिवसांत चरबी आंबते आणि उग्र वास सुटतो. बाकी काही नाही, चरबीतली आम्लं मोकळी होतात. जुन्या चीजला जो वास येतो, त्याच घराण्यातला हा वास.

ही चरबी कोणी वाटीभर खात नाही. तिथे ‘बाइ’ नावाचा पदार्थ रोज होतो. पालेभाजी, भोपळ्याची पानं, शेंगा, बांबूचे कोंब, जे असेल ते पाण्यात उकळायचं. त्यात राख गाळून काढलेलं खारं पाणी, मिरची आणि चमचाभर सा-उम. तेल नाही, फोडणी नाही. आपल्याकडे फोडणी जे काम करते, ते तिथे हा एक चमचा करतो.

हिशेब बघा. पिठूळ पदार्थाच्या एका ग्रॅममधून चार कॅलरी मिळतात, चरबीच्या एका ग्रॅममधून नऊ. उभ्या डोंगरावर झूम शेती, महिनोन्‌महिने पाऊस, दरड कोसळली की रस्ता बंद, फ्रिज नाही. एका जनावराची चरबी वाया न घालवता पुढचे कित्येक दिवस पुरवायची, तर दुसरी कुठली युक्ती आहे? फौजेत रसदीचे धडे मी वर्गात बसून शिकलो. त्या बायका ते चुलीपाशी शिकल्या होत्या.

आता माझी गोष्ट. साल 1987. मिझोरम करार होऊन वर्ष झालं होतं. मी तरुण कॅप्टन, लुंगलेई जिल्ह्यात. पावसात रस्ता तुटला आणि आमची तुकडी एका गावात अडकली. एका आजींनी आम्हाला घरात घेतलं, चूल पेटवली, फळीवरून तुंबा काढला आणि झाकण उघडलं. मी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. भूक नाही म्हणालो आणि बाहेर येऊन शक्करपारे खाल्ले. आमचा रत्नागिरीचा एक जवान मात्र पोटभर जेवला. म्हणाला, “साहेब, आमच्या घरी सुकट भाजतात, तेव्हा पाहुणे असेच पळतात.”

परतताना दुभाष्याने सांगितलं. 1967 नंतर गावं उठवून रस्त्याकडेला एकत्र वसवली, तेव्हा या आजींचं गावही उठलं. शेत गेलं, डुकरं गेली. हातात येईल तेवढंच घेऊन त्या निघाल्या. पाठीवर मूल होतं आणि हातात तुंबा. नव्या जागी पहिले दिवस त्यातल्याच चरबीवर उकळलेला पाला खाऊन काढले. “तुमच्या वर्दीने तिचं गाव उठवलं होतं,” तो म्हणाला, “आणि आज तिने वर्दीलाच जेवायला बोलावलं.”

मला उत्तर सुचलं नाही. पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो. “का पी,” म्हणजे आजी, एवढा एकच शब्द शिकून. जेवलो. पहिला घास कसाबसा गिळला. तिसऱ्यापासून भात कमी पडला.

तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. माझ्या पलटणीत पोर्क न खाणारे कितीतरी होते, धर्माने किंवा सवयीने. त्यांनी हात जोडले की कुणाला वाईट वाटायचं नाही, त्यांच्यापुढे साधा भात यायचा. मी हात जोडले नव्हते, मी रुमाल काढला होता. ‘मी हे खात नाही’ म्हणणं हा माझा हक्क आहे. ‘शी’ म्हणणं हा समोरच्या घराचा अपमान आहे.

2007 साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येच्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली होती. उग्र वासाचे पदार्थ करताना शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका, असा सल्ला त्यातही होता. शेजाऱ्यांसाठी पुस्तिका कोणी काढल्याचं मी काही ऐकलं नाही.

सभेत मी हीच गोष्ट सांगितली, रुमालासकट. मग ठरलं की त्या स्वयंपाकघरात सोसायटीच्या खर्चाने एक्झॉस्ट फॅन बसवायचा. तक्रार करणारे गृहस्थ आजही सा-उम खात नाहीत, खाणारही नाहीत. पण परवा लिफ्टमध्ये त्या मुलींना त्यांनी विचारलं, “आज काय केलंय?”

माझ्या मते, तेवढं पुरे आहे.

जय हिंद.