पत्र्याच्या धुराड्याची पावसाळ्याआधी तपासणी



घरात गॅसची शेगडी आली, तरी आंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण आणि भाकरी अजून पुष्कळ घरी चुलीवरच होतात. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला, तेव्हापासून गावोगाव धुराड्याच्या चुली दिसू लागल्या. चूल रोज सारवली जाते, पण तिच्यावरच्या पत्र्याच्या नळाकडे कोण पाहतो? आणि त्याच नळाशेजारी माळ्यावर बियाण्याची पोती नि कडब्याच्या पेंढ्या!

ओले लाकूड जाळले की धूर वर जाताजाता गार पडतो आणि नळाला आतून डांबरासारखा चिकट थर बसतो. हा थर पेट घेतो. पेटला की नळ भट्टीसारखा घोंघावतो, तापून लाल होतो, ठिणग्या छपरावर पडतात. म्हणून सरपण फोडून, आडोशाला निदान सहा महिने वाळवलेले वापरा. रात्रभर लाकूड धुमसत ठेवायची सवयही सोडा.

तपासणी मे महिन्यात, चूल पूर्ण थंड असताना करा. नळावर लाकडी दांडक्याने हलके ठोकत जा. धड पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो. बद्द वाजेल तिथे खिळ्याचे टोक दाबा. आत गेले तर तो तुकडा बदलाच. मातीचा लेप देऊन वेळ मारून नेऊ नका. गंज बहुधा सांध्यांवर आणि नळ छपरातून बाहेर पडतो तिथे सापडेल, कारण काजळीत पाणी मुरले की ते आंबट होते आणि पत्रा खाते. नळाच्या तोंडावर टोपी हवी ती यासाठीच.

बॅटरी लावून आत पाहा. थर गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढा, म्हणजे तीन मिलिमीटर झाला, की सफाईची वेळ झाली. चुलीचे तोंड ओल्या गोणपाटाने झाका, नाकाला फडके बांधा, आणि दोरीला गोणपाटाचा बोळा बांधून नळातून वरखाली ओढा. चिकट थर अशाने निघत नाही; नळ उतरवून अंगणात खरवडावा लागतो. वरून विजेची तार जात असेल तर मात्र छपरावर चढूच नका.

नळ पुन्हा बसवताना घरातल्या भागात वरचा तुकडा खालच्याच्या आत जाऊ द्या, म्हणजे डांबर बाहेर ओघळणार नाही. चुलीला लागून जस्ताचा पत्रा नको. तापला की जस्ताची वाफ निघते, ती छातीला बाधते. लाकूड, पाचट, कडबा नळापासून दीड फूट दूर राहिले पाहिजे. नळाचे टोक छपरापेक्षा तीन फूट वर असावे.

शेवटी मूठभर ओलसर गवत पेटवून सांधे पाहा. धूर गळत असेल तर दार लावून त्या खोलीत झोपू नका. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो; आधी डोके दुखते, मग चक्कर येते.

आणि नळ पेटलाच तर? सगळ्यांना बाहेर काढा, चुलीचे तोंड पत्र्याने बंद करा, भोवतालचे छप्पर भिजवा, १०१ ला फोन करा. तापलेल्या नळात पाणी ओतू नका; पत्रा फाटतो आणि उकळती वाफ अंगावर येते.