हजेरीपुस्तकातील सोमवार
(सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



मी कापडाचा व्यापारी. परिचर्येसारख्या विषयावर मी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु त्यामागे एक जुने ऋण आहे.

बी.कॉम. झाल्यावर पेढीवर बसण्यापूर्वी मी काही काळ एका सूतगिरणीत हिशेबनीस होतो. कापूस पिंजण्याच्या खात्यातील काही कामगार नेमके सोमवारी गैरहजर राहत. "छाती आवळते, साहेब," असे ते सांगत. रविवारच्या सुटीची ही सुस्ती, असे समजून मी हजेरीपुस्तकात लाल शाईने खूण करी आणि पगार कापी. हिशेब चोख होता. न्याय मात्र नव्हता.

पुढे अनेक वर्षांनी वाचनात आले, की त्या व्याधीला बिसिनोसिस म्हणतात. कापसाच्या धुळीने ती होते. सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे, हेच तिचे आरंभीचे लक्षण. वर्षे लोटली की त्रास रोजचा होतो आणि फुप्फुसे कायमची दुबळी होऊ शकतात. डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी 1950 च्या दशकात इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापूस कामगारांत या रोगाचा सखोल अभ्यास केला होता. आपल्या 1948 च्या कारखाने अधिनियमातील रोगांच्या यादीतही त्याचा समावेश होता. म्हणजे कायद्याला जे ठाऊक होते, ते माझ्या खतावणीला ठाऊक नव्हते.

अशा वेळी जिची गरज असते, ती व्यक्ती म्हणजे औद्योगिक आरोग्य परिचारिका. ही परंपरा जुनी आहे. 1878 साली इंग्लंडमधील नॉर्विच येथे कोलमन यांच्या मोहरीच्या कारखान्याने फिलिपा फ्लॉवरडे या परिचारिकेची नेमणूक केली. सकाळी दवाखान्यात डॉक्टरांना साहाय्य करायचे आणि दुपारी आजारी कामगारांच्या घरी जायचे, असा त्यांचा क्रम होता. अमेरिकेत 1942 मध्ये या परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि 1972 पासून त्यांच्या प्रावीण्याचे प्रमाणपत्र देणारे स्वतंत्र मंडळ कार्य करू लागले.

यांतील अनुभवी परिचारिका पुढे सल्लागार होतात. मलमपट्टी हा त्यांच्या कामाचा केवळ उंबरठा होय. पाळीच्या आधी आणि नंतर कामगाराच्या फुंकरीचे मोजमाप घेऊन त्या फुप्फुसांची क्षमता ताडून पाहतात. यंत्रांच्या गोंगाटात श्रवणशक्ती घटते काय, हे तपासतात. एकाच खात्यात एकच तक्रार वारंवार येत असेल, तर दोष माणसात नसून खात्यात आहे, हे त्या आकड्यांनिशी मालकापुढे मांडतात. धूळ उगमाशीच कशी अडवावी, आजारातून उठलेल्यास कोणते काम द्यावे, हेही सुचवतात. अमेरिकेतील 1978 च्या नियमाने सूत कातण्याच्या खात्यात एक घनमीटर हवेत कापसाची धूळ 200 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी, अशी मर्यादा घातली. असे नियम कागदावरून कारखान्यात उतरवण्यास जाणकार माणूस लागतो.

याकरिता परिचर्येचे शिक्षण, कारखान्याचा अनुभव, कायद्याचे ज्ञान आणि आकडेवारीची समज हवी. त्याहून मोठा गुण म्हणजे विश्वासार्हता. मालक शुल्क देतो, तरी कामगाराचा आजार त्याला उघड करावयाचा नाही. अमुक काम त्यास झेपेल की नाही, एवढेच सांगावयाचे. दोन्ही पक्षांचा विश्वास सांभाळणे ही तारेवरची कसरत आहे.

आपल्या कन्या सी.ए. झाल्या, डॉक्टर झाल्या की आपण सत्कार करतो. परिचारिका होऊ इच्छिणारीला मात्र परावृत्त करतो. माझी विश्वस्तांना नम्र विनंती आहे, की या सुवर्ण महोत्सवी वर्षापासून ट्रस्टच्या शिष्यवृत्तीत परिचर्येच्या शिक्षणासही स्थान द्यावे. पहिला खारीचा वाटा मी उचलतो. ज्यांचे कारखाने व माग आहेत, त्या बंधूंनी वर्षातून एकदा तरी अशा जाणकारांकरवी कामगारांची तपासणी करवावी.

त्या कामगारांपैकी आज कोण हयात आहे, मला माहीत नाही. त्यांचे कापलेले पैसे आता परत करता येणार नाहीत. निदान आपल्या कोणाच्या हजेरीपुस्तकात तशी लाल खूण पुन्हा उमटू नये, एवढीच प्रार्थना.

जय जिनेंद्र.