दिवेलागणीचा भोंगा आणि घरातला विश्वास



सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२२च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या पर्वावर, या गावाने एक निश्चय केला. रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजावा, घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाईल दीड तास बंद राहावेत आणि मुलांनी पुस्तके उघडावीत. करोनाकाळात अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हाती दिलेला मोबाईल शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, हे त्यामागचे कारण. जिथे दिवेलागणीला शुभंकरोती आणि परवचा आपोआप सुरू होत असे, तिथे आता भोंगा वाजवावा लागला, याचा खेद मानता येईल. परंतु या निश्चयाचे खरे मर्म वेगळे आहे. ते असे की, मोबाईल केवळ मुलांनीच नव्हे, तर थोरांनीही खाली ठेवला.

भोंगा वेळेची मर्यादा आखून देतो. उरलेल्या वेळात मूल कोणाच्या संगतीत असते, हा प्रश्न त्याहून गंभीर आहे. मुलगा अंगणात कोणाबरोबर खेळतो, हे आजीला ओट्यावरून दिसत असे. मोबाईलवरच्या खेळात मात्र समोरचा सवंगडी आठ वर्षांचा आहे की अठ्ठेचाळीस वर्षांचा, हे शेजारी बसलेल्या आईलाही कळत नाही. वाईट हेतूने आलेला माणूस प्रथम स्तुती करतो, खेळातली बक्षिसे देतो, गाव आणि शाळा विचारून घेतो. मग ‘हे आपले गुपित, घरी सांगू नकोस’ म्हणतो. पुढे छायाचित्र मागतो आणि ते हाती आले की धमकावू लागतो. या साखळीतील सर्वांत घातक कडी गुपिताची आहे. म्हणून ‘आईबाबांपासून लपवायला सांगणारा कधीही मित्र नसतो’, हे एक वाक्य पहिलीतल्या मुलालाही पाढ्यासारखे पाठ हवे.

परंतु मुलाने सांगावे, यासाठी घरात ऐकून घेणारे कोणी हवे. ‘तुझा मोबाईलच काढून घेते’ या धाकाने मूल गप्प बसते आणि नेमके तेच त्या धमकावणाऱ्याला हवे असते. चूक मुलाकडून झाली असली, तरी अपराध फसवणाऱ्याचा आहे. मूल सांगू लागले की प्रथम त्याला जवळ घ्यावे. चौकशी नंतर करावी.

प्राथमिक शाळेतील मुलाला स्वतंत्र मोबाईल देऊ नये. घरातला मोबाईल वापरायचा तो माजघरात, सर्वांसमक्ष. बंद खोलीत किंवा अंथरुणात नव्हे. बहुतेक समाजमाध्यमांच्या स्वतःच्या नियमांनुसारही तेरा वर्षांखालील मुलाला खाते उघडता येत नाही. तिथे मुलाचे वय वाढवून लिहिणे म्हणजे त्याला खोटेपणाचा पहिला धडा देणे होय. खेळांतील अनोळखी व्यक्तींशी संभाषणाची सोय बंद करावी. पैसे पाठवण्याचा गुप्त अंक मुलांना सांगू नये. तसेच गणवेशातील छायाचित्र, शाळेचे नाव आणि घराचा पत्ता कौतुकापोटी चारचौघांत प्रसृत करण्याचा मोह पालकांनीही आवरावा.

आणि तरीही अघटित घडलेच, तर? लोकलज्जेपोटी प्रकरण दडपू नये. संभाषण पुसून टाकू नये. तोच पुरावा असतो. मात्र मुलाचे आक्षेपार्ह छायाचित्र असेल, तर ते पुरावा म्हणूनसुद्धा कोणाला पुढे पाठवू नये; माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमानुसार असे चित्र प्रसृत करणे हाच गुन्हा आहे. मोबाईल जसाच्या तसा पोलिसांना दाखवावा. बालकांसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे मदत क्रमांक प्रत्येक घरी भिंतीवर लिहिलेले असावेत.

पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची धास्ती मध्यमवर्गीय घरांत मोठी असते. तिथे २०१२च्या पॉक्सो कायद्यातील तरतुदी ठाऊक असणे आवश्यक आहे. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. अधिकाऱ्याने त्या वेळी गणवेश घालायचा नसतो. बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. उलट असा गुन्हा ठाऊक असूनही न कळवणे, हा त्या कायद्यानुसार दंडनीय अपराध आहे.

बाहेरचे जगही जागे होत आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. भारताच्या २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याचे तत्त्व स्वीकारले. कायदे हवेतच, पण कायद्याचे कुंपण घराबाहेर असते. उंबऱ्याच्या आतली राखण घरच्यांनीच करायची आहे.

प्रत्येक गावात भोंगा वाजेलच असे नाही. तथापि प्रत्येक घराला सायंकाळची एक घटका ठरवता येईल. त्या वेळी वडिलांचा मोबाईलही फळीवर ठेवलेला असावा, आजी-आजोबा जवळ बसलेले असावेत आणि मुलाला निर्भयपणे विचारावे, ‘आज काय पाहिलेस, कोणाशी बोललास?’ ज्या घरात हा प्रश्न रोज प्रेमाने विचारला जातो, त्या घरातील मूल संकटाच्या वेळी परक्याकडे नव्हे, आईकडे धाव घेते.